चालत्या गाडीवरचा रामराम

दोन मोटारसायकली समोरासमोरून जाताना दोन्ही स्वारांनी, ओळख असो वा नसो, एकमेकांना खूण करायची, हा रिवाज मोटारसायकल चालवणाऱ्यांत जगभर आढळतो. कुठे हात उचलतात, कुठे दोन बोटे जमिनीकडे करतात, कुठे नुसती मान हलवतात. मराठीत याला वेगळे नाव पडलेले नाही. 'हात करणे' म्हटले की धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला फाट्यावर उभा राहून एसटी किंवा जीप थांबवणारा प्रवासी आठवतो. अनोळखी स्वाराला हात करावा तर तो ब्रेक मारून विचारील, ''काय झालं?'' इथे वाटेवरच्या नमस्काराचे नाव जुनेच आहे, रामराम. तो आधी पायी चालणाऱ्याचा होता, मग बैलगाडीवाल्याचा आणि सायकलवाल्याचा झाला. फटफटी आल्यावर तो गाडीवर बसला आणि बसताना त्याचे रूप बदलले. हा बदल समजून घ्यायचा तर आधी गाडीची मूठ, ब्रेक आणि रस्त्याची बाजू पाहावी लागते.

परदेशातल्या रिवाजाची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १९०३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी शहरात हार्ले-डेव्हिडसन कंपनी सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिचे संस्थापक विल्यम हार्ले आणि आर्थर डेव्हिडसन आपापल्या गाडीवरून समोरासमोर आले, त्यांनी एकमेकांना हात केला, बघणाऱ्याला वाटले हा मोटारसायकलवाल्यांचा शिष्टाचारच असावा, आणि तो पसरत गेला. ही दंतकथाच मानायला हवी, कारण तिला आधार नाही. पण त्या काळाचे चित्र तिच्यात बरोबर उतरले आहे. गाड्या मोजक्या, रस्ते मातीचे, यंत्र केव्हा बंद पडेल याचा नेम नाही. अशा वाटेवर समोरून दुसरी मोटारसायकल दिसली की गरज पडली तर मदत करू शकेल असा एकमेव माणूस दिसला, असा त्याचा अर्थ होई. वाहन दुर्मीळ असेल तिथे ते चालवणारे आपोआप एकमेकांचे सोबती होतात. मोटारसायकली लाखांनी वाढल्यावरही युरोप-अमेरिकेत हा रिवाज टिकला, कारण तिथे रोजचा प्रवास मोटारीने होतो आणि मोटारसायकलवाला आजही अल्पसंख्यच आहे.

खूण कोणत्या अवयवाने करायची हे मात्र यंत्राने ठरवले आहे. मोटारसायकलच्या उजव्या मुठीत वेग असतो आणि तिथेच पुढच्या चाकाचा ब्रेक असतो. मूठ सोडली की ती स्प्रिंगने मागे फिरते आणि गाडी एकदम मंदावते. डाव्या हाताकडे क्लच असतो, तो गिअर बदलतानाच लागतो. म्हणजे सरळ रस्त्यावर मोकळा असतो तो डावा हात. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी या देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे समोरचा स्वार डाव्या हाताला येतो. मोकळा हात आणि समोरचा माणूस एकाच बाजूला आले, म्हणून तिथे हात खाली सोडून दोन बोटे दाखवण्याची पद्धत सहज रुजली. भारत, ब्रिटन आणि जपान डाव्या बाजूने चालतात. इथे समोरचा येतो उजवीकडून आणि मोकळा हात राहतो डावीकडे, म्हणजे शरीराच्या पलीकडे. ब्रिटनमध्ये म्हणून मान हलवण्यावर भागते. जपानी स्वार डावा हात चांगला उंच करून हलवतात. या खुणेला तिथे 'याए' म्हणतात. इंग्रजी 'ये' या उद्गाराची अक्षरे कुणाकडून तरी चुकीच्या क्रमाने टंकली गेली आणि तेच नाव कायम झाले.

वेळही फार थोडा असतो. दोन्ही गाड्या ताशी ६० किलोमीटरने चालल्या असतील तर त्या एकमेकींकडे ताशी १२० किलोमीटरने येतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. माणूस शंभर मीटरवरून ओळखू आला असे धरले तरी ओळखणे, खूण करणे आणि समोरच्याची खूण टिपणे हे सगळे तीन सेकंदांत उरकावे लागते. त्यात बोलायला जागा नसते. गावातल्या वीस-पंचवीसच्या वेगात मात्र ''काय पाव्हणं, कुणीकडं?'' एवढे विचारून होते आणि ''हितंच, फाट्यावर'' हे उत्तर पाठमोरे का होईना ऐकू येते.

याच रस्त्यांवर एसटीचे चालक एकमेकांना हात करतात, आणि तो खराखुरा हात असतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. आज सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-बीड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ असो की नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादकडे जाणारा ६५, दोन एसट्या एकमेकींना ओलांडताना खिडकीतला पंजा वर झालेला दिसतो. चालक बसतो उजवीकडे, गिअरचा दांडा असतो डावीकडे, आणि समोरच्या गाडीचा चालक उजव्या खिडकीच्या अगदी जवळून जातो. मोकळा करता येणारा हात आणि समोरचा माणूस इथे एकाच बाजूला येतात. म्हणून एकाच रस्त्यावर, एकाच जिल्ह्यातली माणसे असूनही बसवाला हात करतो आणि मोटारसायकलवाला मान हलवतो.

डाव्या हाताला आणखी एक अडचण आहे, ती यंत्रातली नाही, घरातली आहे. प्रसाद डाव्या हाताने घेत नाहीत, वडीलधाऱ्यांना काही देताना डावा हात पुढे करत नाहीत, असे मूल बोलू लागायच्या आधीपासून शिकवले जाते. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला गाडीवरून डावा हात दाखवून जाणे त्यामुळे कुठेतरी खटकते. खरा नमस्कार दोन हातांचा, आणि तो चालवणाऱ्याला शक्य नाही. उजवा हात अडकलेला. पायाचा तर प्रश्नच नाही. फ्रान्समध्ये मोटारीला ओलांडून गेलेला स्वार वाट दिल्याबद्दल आभार मानताना उजवा पाय बाजूला काढतो, कारण मोटार त्याच्या उजव्या अंगाला असते आणि उजवा हात मुठीवर असतो. युक्तीच्या दृष्टीने ही खूण बिनतोड आहे, पण धाराशिवात ती करून पाहणाऱ्याला पुढच्या चौकात जाब द्यावा लागेल. चुकून कुणाला पाय लागला तर हात लावून तो हात छातीला नेणाऱ्यांच्या मुलखात पाय ही आभाराची खूण होऊच शकत नाही.

तेव्हा उरते ती मान. मराठीत हा शब्दच दुहेरी आहे. मान म्हणजे डोके तोलणारा अवयव आणि मान म्हणजे आदर. गाडीवरच्या रामरामात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. बरोबरीच्याला मान किंचित वर झटकली जाते, हनुवटी पुढे येते, भुवया उंचावतात. ती खूण म्हणजे 'काय, बरं का?' वडीलधाऱ्याला, गुरुजींना, सोयऱ्याला मान खाली झुकते आणि वेग जरा कमी होतो. वेग कमी करणे हाच त्या नमस्काराचा मोठा भाग आहे. ज्याच्यासाठी मूठ सैल झाली त्याला ते कळते. हॉर्नही दोन तऱ्हांचा असतो. 'बाजूला व्हा' म्हणणारा लांब वाजतो आणि रामरामाचा दोन आखूड ठोक्यांत संपतो. डबलसीट असेल तर हे काम मागच्याकडे जाते. त्याचे दोन्ही हात मोकळे असतात, त्यामुळे चालत्या गाडीवरून रीतसर दोन हात जोडून केलेला नमस्कार पाहायला मिळतो तो मागच्या सीटवर.

उजवा हात मुठीवरून सुटतो तो देवासाठी. वेशीवरच्या मारुतीसमोरून जाताना, येरमाळ्याजवळ येडेश्वरीच्या डोंगराकडे नजर जाताच, किंवा तुळजापूर जवळ आल्यावर, क्षणभर मूठ सोडून उजव्या हाताची बोटे कपाळाला आणि छातीला लागतात आणि हात पुन्हा मुठीवर येतो. गाडी तेवढ्यापुरता हिसका देते. डावा हात मोकळा असूनही तो वापरला जात नाही. एका सेकंदाची ही हालचाल पाहिली की हाताचा संस्कार यंत्राच्या सोयीपेक्षा किती जुना आणि घट्ट आहे ते दिसते.

अनोळखी स्वाराला निव्वळ तो मोटारसायकलवर आहे म्हणून खूण करण्याची पद्धत मात्र जिल्ह्यात रोजच्या वापरात नाही, आणि असण्याचे कारणही नाही. इथे मोटारसायकल घरातल्या बैलासारखी आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या आठ तालुक्यांत वस्ती पसरलेली आहे. शेतातून गावात, गावातून फाट्यावर, फाट्यावरून तालुक्याला हे सगळे जाणे-येणे दुचाकीवर होते. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने लुना आणली. राजदूत आणि बजाजच्या एम-८० ने खेडी धरली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि कमी पेट्रोलात चालणारी ही गाडी शेतकऱ्याच्या दारात उभी राहिली. तिच्यावरून कडब्याच्या पेंढ्या जातात, खताचे पोते जाते, फवारणीचा पंप जातो. भूम आणि वाशीकडे भल्या सकाळी खव्याच्या भट्टीवर दूध घालायला निघालेला माणूस दोन्ही अंगांना भरलेले कॅन अडकवून चाललेला असतो. त्याचे दोन्ही हात तोल सांभाळण्यात गुंतलेले, मानसुद्धा ताठ. त्याला रामराम घालायचा तो तोंडाने, आणि उत्तर मिळाले नाही तरी कुणी राग धरत नाही. जे वाहन सगळ्यांकडे आहे ते ओळखीची खूण होऊ शकत नाही. पायी चालणारा प्रत्येक पायी चालणाऱ्याला केवळ त्याला पाय आहेत म्हणून नमस्कार करत नाही, तसेच हे आहे.

इथे रामराम होतो तो माणसाला ओळखून, आणि ओळखण्याचीही एक कला आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा स्वार डोक्यापासून गळ्यापर्यंत रुमाल किंवा उपरणे गुंडाळतो, फक्त डोळे उघडे राहतात. हेल्मेट असेल तर तेही दिसत नाहीत. मग माणूस ओळखला जातो गाडीवरून, बसण्याच्या ढबीवरून, एका बाजूला झुकलेल्या खांद्यावरून, हँडलला लटकवलेल्या पिशवीवरून. गावातली गाडी आवाजानेही कळते. गाडी ओळखीची पण चालवणारा दुसराच निघाला तरी मान हललेली असते, आणि ती वाया जात नाही. मालकाकडून गाडी मागून नेणाराही आपल्यातलाच असतो.

जिल्ह्याबाहेर गेल्यावर ओळखीची रेघ रुंदावते. धाराशिवच्या गाड्यांवर एमएच २५ हा क्रमांक असतो. लातूरच्या २४, बीडच्या २३, सोलापूरच्या १३. तुळजापुरात एमएच २५ कडे कुणी वळूनही पाहत नाही, पण पुण्यात चाकणच्या कारखान्याबाहेर किंवा हिंजवडीच्या सिग्नलवर हीच पाटी दिसली की माणूस गाडी शेजारी नेतो आणि विचारतो, ''कुठलं गाव?'' दिवाळीत टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी या वाटेने गावाकडे निघालेल्यांत ही पाटी हाच रामराम असतो. जगभरच्या मोटारसायकलस्वारांना जे काम दोन चाकांनी करून दिले ते इथे दोन आकड्यांनी केले आहे.

अनोळखी माणसाला आवर्जून खूण केली जाते ती त्याच्या काळजीपोटी, आणि या खुणांची भाषा रामरामापेक्षाही पक्की आहे. साइड स्टँड खाली राहिले असेल तर समोरचा माणूस बोट खाली करून दाखवतो, बाजूने जाणारा ''स्टँड, स्टँड!'' असे ओरडतो. उघडे स्टँड वळणावर रस्त्याला टेकले की गाडी उलटते, म्हणून ही हाक लहान-मोठा कुणीही कुणालाही देतो. मागे बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी चाकाकडे लोंबत असेल तर चार गाड्या हॉर्न देतात. मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून निम्मे चाक झाकणारे साधन गाडीला हवे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२३ सांगतो. ती जाळी असली तरी ओढणी कधी तिच्या मागून घसरते, आणि अनोळखी माणसाच्या त्या एका हाकेने जीव वाचतो. पुढे पोलीस तपासणी चालू असेल तर अप्पर-डिप्पर मारून सांगतात.

यातली एक खूण मात्र अर्थच हरवून बसली. भर दिवसा कुणाचा हेडलाइट चालू दिसला की समोरचे लोक पंजा उघड-मीट करून दाखवत, 'दिवा चालू आहे, बॅटरी उतरेल.' १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागणे सक्तीचे झाले. गाडी समोरच्याला दिवसाही लांबून दिसावी हा त्यामागचा हेतू. नव्या गाडीवाल्याला हे ठाऊक होते, रस्त्यावरच्या बाकीच्यांना नव्हते. मैलामैलावर पंजे उघडमीट होत राहिले, आणि दिवा बंद करण्याचे बटणच नसलेला स्वार नुसता हसून मान हलवत राहिला. कायद्याने कामच काढून घेतल्यावरही माणसे काही काळ एकमेकांची काळजी करत राहिली, हे या खुणेच्या बाबतीत खरोखर घडले.

अनोळखी स्वार अनोळखी स्वाराला उघडपणे साद घालतो असा काळ जिल्ह्यात दरवर्षी येतो, तो नवरात्राचा. गावोगावची मंडळे तुळजाभवानीची ज्योत न्यायला तुळजापुरात येतात. मशाल हातात घेऊन पोरे अनवाणी धावतात, दमलेल्याच्या हातातून दुसरा ज्योत घेतो, मागेपुढे भगवे झेंडे लावलेल्या मोटारसायकली आणि एखादा टेम्पो असतो. ज्योत आणायला निघालेले आणि ज्योत घेऊन परतणारे एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात. एकीकडून ''आई राजा'' उठते, दुसरीकडून ''उदो उदो'' येते. गाव कोणते, जिल्हा कोणता, कानडी मुलखातले की तेलंगणातले, हे कुणी विचारत नाही. सादेला प्रतिसाद दिला नाही असे होत नाही. इथे हात, मान, बाजू या कशाचीच अडचण येत नाही, कारण आवाज सगळीकडे पोचतो. कोजागरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरून जातो आणि वाहने दुसऱ्या मार्गाने वळवली जातात. आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी धाराशिव-तुळजापूरवरून आणि पैठणची एकनाथ महाराजांची पालखी परंड्यावरून पंढरीला जाते. तेव्हा गाडी बाजूला लावून, चपला काढून 'माऊली' म्हणत पाया पडतात. चालत्या गाडीवरून पालखीला खूण करून पुढे निघून जाणे कुणाला सुचत नाही.

जगभरच्या अर्थाने जो मोटारसायकलस्वारांचा सलाम, तो जिल्ह्यातून जाणाऱ्या लांबच्या प्रवाशांत दिसतो. अंगात जाड जाकीट, मागे बांधलेल्या पिशव्या, बुलेट किंवा तशीच दणकट गाडी. हे लोक हैदराबादकडून पुण्याला किंवा सोलापूरकडून उत्तरेला निघालेले असतात, वाटेत नळदुर्गचा किल्ला आणि त्यातला पाणीमहाल पाहायला वळतात. त्यांचे सलाम एकमेकांना असतात. अशा स्वारांचे मेळे देशात भरतात. २०१३ मध्ये गोव्यात इंडिया बाइक वीक सुरू झाला, जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपापल्या शहरांत जमतात. म्हैसूरला बनणारी ती जुनी येझदी १९९६ मध्ये बंद पडल्यावर तिच्या मालकांची जवळीक उलट वाढली. गाडी दुर्मीळ झाली आणि ती चालवणारे एकमेकांना ओळखू लागले, १९०४ च्या गोष्टीत होते तसे. २०११ मध्ये पुण्यातून सुरू झालेल्या 'बायकरनी' या महिला स्वारांच्या गटाबाबतही हेच म्हणता येईल. लांबच्या वाटेवर मोटारसायकल चालवणारी बाई अजून विरळ आहे, म्हणून समोरून दुसरी आली की सलाम मनापासून होतो. गावातली पोरे या प्रवाशांना पाहून शिकली आहेत. अंगठा वर करणे, दोन बोटे दाखवणे आता फाट्यावरही दिसते, आणि त्या वयाच्या मुलांना डाव्या हाताचे काही वाटत नाही.

गटाने जाणाऱ्यांच्या आपसांतल्या खुणा वेगळ्या. डाव्या बाजूचा खड्डा डाव्या हाताने दाखवतात, उजव्या बाजूचा उजव्या पायाने. पायाची खूण इथे चालते, कारण ती माणसाला नसून खड्ड्याला असते. सरकारी खुणा मात्र मोटारीच्या चालकाला धरून केलेल्या होत्या. १९८९ च्या रस्तेविषयक नियमावलीत थांबणे, वेग कमी करणे, उजवीकडे वळणे, इतकेच काय डावीकडे वळणेही उजवा हात बाहेर काढून दाखवायचे होते. मोटारसायकलवर त्यासाठी वेग आणि पुढचा ब्रेक दोन्ही सोडावे लागत. दिशादर्शक दिवे आल्यावर ही अडचण मिटली.

सलाम कुठे करू नये याचा अलिखित नियम अनुभवी स्वार पाळतात. घाटाच्या वळणावर हात सुटत नाही. स्कूटीवर डावा हातही रिकामा नसतो, तिथे मागचा ब्रेक असतो. ऊस तोडणीच्या दिवसांत ढोकीच्या तेरणा कारखान्याकडे किंवा रांजणीकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या समोर असताना नजर माणसावर नाही, रस्त्यावर ठेवावी लागते. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि पहिल्या सरीनंतर ती लोण्यासारखी होते. अशा जागी ओळखीचा माणूस समोरून येऊन तसाच गेला तर तो विसरला असे कुणी समजत नाही.

तो रामराम मग पुढे पुरा होतो. बार्शी-लातूर आणि सोलापूर-बीड हे रस्ते येडशीला एकमेकांना छेदतात, तिथे चहाच्या टपरीपुढे गाड्या ओळीने स्टँडवर लागतात. इंजिन बंद होते, तोंडावरचा रुमाल सुटतो, मुठीवरचा उजवा हात मोकळा होतो. ''मघाशी घाटात दिसला, रामराम न्हाई करता आला.'' ''असू द्या मामा. मी बी वळणावरच हुतो.'' आणि दोन हात जोडले जातात.